अपस्मारांतील भय आणि मेंदूचा विद्युल्लेख

१

मेंदूंत वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहांचा विषय इतिहास-संशोधनाच्या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी पृच्छा वाचकांपैकीं कांहीं जण करतील, व ती अस्थानीं नाहीं. तिचें उत्तर प्रथमच देऊन ठेवणें बरें. इतिहासाच्या अभ्यासकास साधनांच्या तीन जाती परिचित आहेत. पहिली बखर, म्हणजे घडलेली गोष्ट दुसऱ्यानें, बहुधा मागाहून, सांगितलेली. दुसरी जबानी, म्हणजे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानें स्वमुखें सांगितलेली. तिसरी अस्सल कागद. म्हणजे प्रसंग घडत असतांनाच मागें राहिलेला लेख. अपस्मार, ज्यास आपल्याकडे फेंफरें किंवा मिरगी म्हणतात, त्या रोगाच्या इतिहासांत या तिन्ही जातींचीं साधनें उपलब्ध आहेत. वैद्यांनीं व आप्तांनीं केलेलें झटक्याचें वर्णन ही बखर होय. रोग्यानें सांगितलेला स्वतःचा अनुभव ही जबानी होय. आणि इ. स. १९२४ पासून निघूं लागलेला मेंदूचा विद्युल्लेख, ज्यास सांप्रत सर्वत्र ई. ई. जी. म्हणतात, तो अस्सल कागद होय.

अस्सल कागद हातीं आला म्हणजे बखर आणि जबानी रद्दींत टाकावयाची, असें मात्र कोणीं समजूं नये. कागद अस्सल असला तरी तो मोडीहून कठीण अशा लिपींत असतो, आणि त्याचा अर्थ लावावयास पुष्कळदां जबानीचाच आधार घ्यावा लागतो. हें कसें घडलें, तें प्रस्तुत लेखांत एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधानें दाखविण्याचा आमचा विचार आहे. तो प्रश्न असा : अपस्मार आणि भय यांचा संबंध जुन्या ग्रंथांत वारंवार येतो, तर भय हें या रोगाचें कारण आहे, कीं त्याचें अंग आहे, कीं त्याचा परिणाम आहे?

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. भय हें कारण मानलें तर रोगी भित्रा व दुबळ्या मनाचा ठरतो. भयास बाहेरच्या भुताचें कृत्य मानलें तर तो मांत्रिकाच्या हवालीं होतो. भय हें रोगाचेंच अंग मानलें तर मात्र तो दोषांतून सुटतो व वैद्याकडे जातो. तीन उत्तरांनीं तीन प्रकारचीं आयुष्यें घडलीं, हें ध्यानांत घेऊन पुढील पुरावा पाहावा.

२

प्रथम आपल्याकडील साधनें घेऊं. चरकसंहितेंत अपस्माराचा विचार दोन ठिकाणीं आहे : निदानस्थानाच्या आठव्या अध्यायांत आणि चिकित्सास्थानाच्या दहाव्या अध्यायांत. हे दोन अध्याय एका हातचे नव्हत, ही गोष्ट पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चिकित्सास्थानांतील सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धि हीं दोन संपूर्ण स्थानें दृढबलानें पूर्ण केलीं, असें संहितेंतच नमूद आहे. आणि टीकाकार चक्रपाणिदत्तानें चरकाच्या पदरीं जे अध्याय घातले आहेत, त्यांत अपस्मारचिकित्सा येत नाहीं. चिकित्सास्थानांतील अध्यायांचा क्रम वंगीय प्रतींत एक व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या आवृत्तींत दुसरा आहे, त्याचें मूळहि या वाटणींतच आहे. सारांश, निदानाचा अध्याय जुन्या थरांतला व चिकित्सेचा मागाहूनचा.

जुन्या थरांतील निदानाध्याय अपस्माराचीं कारणें सांगतांना दोषांच्या क्षोभाबरोबरच काम, भय, क्रोध, लोभ, मोह, शोक, चिंता आणि उद्वेग यांची मालिका देतो. म्हणजे येथें भय हें कारणांच्या यादींत आहे. तोच अध्याय पुढें पूर्वरूपें सांगतो. भुवया उडणें, डोळे विकृत होणें, नसलेले शब्द ऐकूं येणें, लाळ गळणें, अन्नावरील वासना जाणें, हृदय धरल्यासारखें होणें, पोटांत गुरगुरणें, डोळ्यांपुढें अंधार दिसणें, स्वप्नांत नाचणें, कांपणें व पडणें, अशी ती यादी आहे. आजचा मज्जाविकारांचा वैद्य ही यादी वाचून चकित होतो. कारण झटक्याच्या आरंभीं रोग्यास येणारे अनुभव तो आपल्या रोग्यांकडून रोज ऐकत असतो.

सुश्रुतसंहितेंत हा विषय उत्तरतंत्राच्या एकसष्टाव्या अध्यायांत आहे. तेथील पूर्वरूपें आमच्या प्रश्नास अधिक जवळचीं आहेत : हृदयाचा कंप, शून्यता, घाम, एकटक विचारांत गढून जाणें, मूर्च्छा, मोह व निद्रानाश. छातींत धडधड, अंगास घाम व झोपेचा नाश, हीं भयाचींच चिन्हें होत. परंतु या अध्यायाचें खरें मोल याच्या पुढच्या भागांत आहे. वातज अपस्माराचें लक्षण सांगतांना सुश्रुत रोग्याचें शरीर वर्णन करून थांबत नाहीं. तो रोग्यास बोलावयास लावतो. कांहीं एक काळें, विकृत सत्त्व माझ्या मागें धांवत येतें आणि मग माझी शुद्ध हरपते, असें जो सांगतो, त्याचा अपस्मार वातज समजावा, असा तेथील आशय आहे. पित्तज प्रकारांत तें सत्त्व पिवळें असतें, कफजांत पांढरें. रंगांची वाटणी शास्त्राच्या सोयीसाठीं झाली असेल. परंतु मागें धांवत येणें आणि त्यानंतर शुद्ध हरपणें हा क्रम शास्त्रानें रचलेला नव्हे. ती जबानी आहे. भय आधीं, झटका मागाहून, आणि दोहोंमध्यें क्षणाचेंहि अंतर नाहीं.

आतां या जबानीचें पुढें काय झालें तें पाहावें. सुमारें सातव्या-आठव्या शतकांत माधवकरानें रोगविनिश्चय नांवाचा संग्रह केला. तोच माधवनिदान या नांवानें वैद्यांच्या घराघरांत पोहोंचला. महाराष्ट्रांतील जुन्या वैद्यघराण्यांच्या दप्तरांत दुसरा कोणता ग्रंथ नसला तरी याची एखादी पोथी बहुधा सांपडते. माधवानें अपस्मारनिदानांत पूर्वरूपें सुश्रुताचीं घेतलीं, परंतु प्रकारांचीं लक्षणें चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतून उचललीं. त्या ठिकाणीं रोगी राकट, तांबूस व काळीं रूपें पाहतो, एवढेंच तृतीय पुरुषी वर्णन आहे. मागें धांवणारें सत्त्व गळालें, आणि त्याबरोबर रोग्याचें बोलणेंहि गळालें. संग्रहकारानें दोन पाठांपैकीं एक पाठ निवडला. त्यांत त्याचा कांहीं हेतु नव्हता. तथापि पुढील हजार वर्षें ज्या वैद्यांनीं केवळ माधवनिदान मुखोद्‌गत केलें, त्यांच्या कानांवर ती जबानी पडलीच नाहीं.

माधवानें सुश्रुताची दुसरी एक गोष्ट मात्र सोडली नाहीं, हें त्याचें उपकार मानले पाहिजेत. अपस्मार अकस्मात् येतो व अकस्मात् जातो. मध्यंतरीं रोगी चांगला असतो. तेव्हां हा शरीरांतील दोषांचा रोग नव्हेच, असा एक पूर्वपक्ष सुश्रुतानें मांडला आहे. त्यास उत्तर असें कीं, पाऊस सर्वत्र पडला तरी कांहीं बीजें तत्काळ न उगवतां शरद् ऋतु आला म्हणजेच अंकुरतात, तसा हा रोग होय. म्हणजे दोन झटक्यांच्या मध्यें रोग नाहींसा झालेला नसतो. तो भूमींत असतो. हें बीज डोळ्यांस दाखविण्याचें साधन सुश्रुतापाशीं नव्हतें. तें कोणास व केव्हां मिळालें, तें पुढें येईल.

३

आपल्या देशाबाहेरील दोन साधनें येथें तुलनेसाठीं घेणें अवश्य आहे. पहिलें बाबिलोनचें. साकिक्कू नांवाचा चाळीस मृत्तिकापट्टांचा रोगलक्षणग्रंथ इ. स. पूर्वीं अकराव्या शतकांत संकलित झाला. त्यांतील अपस्मारविषयक पट्टाची एक प्रत ब्रिटिश म्यूझियमांत असून तिचें भाषांतर किन्निअर विल्सन व रेनोल्ड्स यांनीं इ. स. १९९० सालीं प्रसिद्ध केलें. झटक्यांचे अनेक प्रकार या पट्टांत सूक्ष्मपणें वेगळे केले आहेत. परंतु प्रत्येक प्रकार एकेका भुताच्या किंवा प्रेताच्या नांवावर चढविला आहे. निरीक्षण उत्तम आणि कारणमीमांसा भुताटकीची, असा हा योग आहे. याच देशांत त्याहून सातशें वर्षें आधीं हम्मुराबीच्या कायद्यांत असें कलम आलें होतें कीं, विकत घेतलेल्या गुलामास महिन्याच्या आंत ‘बेन्नू’ झाला तर तो परत करून पैसे मागावे. बेन्नू म्हणजे अपस्मारच, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. या कलमाचा आठव वाचकांनीं शेवटपर्यंत ठेवावा.

दुसरें साधन ग्रीसचें. हिपोक्रातिसाच्या नांवावर चालणारा ‘पवित्र रोगाविषयीं’ हा ग्रंथ इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमाराचा आहे. हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नसून त्याचें स्थान मेंदूंत आहे, असा त्याचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. शेळ्यांस हा रोग फार होतो, तेव्हां शेळीचें डोकें फोडून पाहावें म्हणजे मेंदूंत पाणी व दुर्गंधी आढळेल, असा प्रत्यक्ष पुरावाहि तो देतो. आम्हांस येथें महत्त्वाची वाटते ती त्यांतील एक लहानशी नोंद. रोगाची ओळख झालेला मनुष्य झटका येणार हें आधीं ओळखून लोकांपासून दूर पळतो व डोकें झांकून घेतो. हें देवाच्या धाकानें नव्हे, तर लज्जेनें. लहान मुलें मात्र प्रथम कोठेंहि पडतात. पुढें अनेक झटके झाले म्हणजे त्यांस चाहूल लागतांच तीं भीतीनें आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धांवतात.

या नोंदीची व सुश्रुताच्या जबानीची तुलना केली असतां भयाचे दोन प्रकार स्वच्छ वेगळे होतात. सुश्रुताच्या रोग्याचें भय झटक्याच्या पोटांतलें आहे; तें झटक्याबरोबर उपजतें. ग्रीक मुलाचें भय झटक्याविषयींचें आहे. तें अनुभवानें शिकलेलें आहे. चरकाच्या यादींतील भय तिसरें. तें झटक्याच्या पूर्वीं, कारण म्हणून. एकाच शब्दाखालीं या तीन वस्तु हजारों वर्षें एकत्र राहिल्या, व घोटाळ्याचें मूळ तेंच होय.

४

मधला काळ आम्हीं त्वरेनें ओलांडतों. इ. स. १८७३ सालीं लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनीं अपस्माराची व्याख्या केली ती अशी कीं, मेंदूच्या करड्या द्रव्यांत अधूनमधून, अकस्मात्, अतिशय, वेगानें व एका जागीं होणारा स्फोट म्हणजे हा रोग. हा स्फोट त्यांनीं पाहिला नव्हता. रोग्यांच्या हातापायांच्या चलनावरून अनुमानिला होता. त्यांच्याजवळ एक असामान्य साक्षीदार होता. त्याचें नांव त्यांनीं ‘झेड’ एवढेंच छापलें.

हा झेड स्वतः डॉक्टर होता. त्यानें इ. स. १८७० सालीं ‘क्वेरेन्स’ म्हणजे जिज्ञासु या टोपणनांवानें आपल्या झटक्यांची हकीकत एका वैद्यकीय मासिकांत दिली होती. त्याच्या झटक्याचा आरंभ स्मृतीच्या भरतीनें होई. जें समोर आहे तें पूर्वीं केव्हां तरी अनुभविलेलें आहे, अशी भावना त्यास व्यापून टाकी. ज्या रोगास आपल्या पूर्वजांनीं स्मृतीचा अपगम म्हणून नांव दिलें, त्याचा आरंभ स्मृतीच्या अतिरेकानें व्हावा, हें चमत्कारिक खरें. पण त्यामागून स्मृतीचा लोप होईच. एकदां एका रोग्यास तपासीत असतां झेडला झटका आला. शुद्धीवर आल्यावर त्यास आपल्याच हस्ताक्षरांत, डाव्या फुप्फुसाच्या तळाशीं दाह असल्याचें निदान लिहिलेलें आढळलें. लिहिल्याची आठवण त्यास मुळींच नव्हती. रोगी पुनः तपासून पाहतां निदान बरोबर ठरलें. हस्ताक्षर अस्सल, मजकूर खरा, आणि लेखक अनुपस्थित, असा कागद संग्राहकांच्या पाहण्यांत क्वचितच आला असेल.

इ. स. १८९४ मध्यें झेड मरण पावला. जॅक्सन व कोलमन यांनीं इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतावरून त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कानशिलाजवळच्या खंडाच्या आंतील अंगास, एक अगदीं लहान विकृत जागा आढळल्याचें कळतें. झेड म्हणजे आर्थर थॉमस मायर्स, ही ओळख टेलर व मार्श यांनीं इ. स. १९८० सालीं पटविली. जबानी आणि मेंदूंतील जागा यांची गांठ पडल्याचें हें पहिल्या प्रतीचें उदाहरण होय. ज्या जागेस ती गांठ पडली, तिच्या लगतच बदामाच्या आकाराचा एक पुंज असतो. त्यास अमिग्डाला म्हणतात, व भयाचें तें मुख्य ठाणें आहे, हें पुढें सिद्ध झालें.

५

आतां अस्सल कागदाकडे वळूं. प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर विद्युत्‌प्रवाह आढळतात, हें लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनीं इ. स. १८७५ मध्यें सशांवर व माकडांवर दाखविलें. मनुष्याच्या मेंदूचा लेख प्रथम घेतला तो जर्मनींतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनीं. बर्गर यांचा जन्म इ. स. १८७३ चा. तरुणपणीं लष्करी कवायतींत ते घोड्यावरून पडून थोडक्यांत बचावले. त्याच दिवशीं, दूर असलेल्या बहिणीस भावावर संकट आल्याचें वाटून, तिच्या आग्रहानें वडिलांची तार आली. तेव्हांपासून मनाची कांहीं शक्ति मोजतां येते काय, या विचारानें त्यांस घेरलें. हेतु असा गूढवादी होता. फळ मात्र निखळ भौतिक मिळालें.

इ. स. १९२४ मध्यें, कवटीचा कांहीं भाग काढलेल्या एका तरुण रोग्याच्या मेंदूवरून त्यांस पहिल्या लहरी मिळाल्या. मेंदूचा दाब व्होल्टाच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो. तेवढ्यानें हलणारें गॅल्व्हानोमीटर व त्याची रेघ टिपणारा प्रकाशलेखी कागद, एवढीच सामग्री. या लहरी खरोखर मेंदूच्याच, कीं नाडीच्या, स्नायूंच्या किंवा यंत्राच्याच, या शंकेनें बर्गर यांनीं पांच वर्षें प्रसिद्धि रोखून धरली. स्वतःचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरूनहि त्यांनीं पुष्कळ लेख घेतले. अखेर इ. स. १९२९ मध्यें पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत दोन लहरी वर्णिल्या आहेत : डोळे मिटून स्वस्थ असतां सेकंदास सुमारें दहा वेळां येणारी अल्फा, आणि तिच्याहून जलद व लहान बीटा. डोळे उघडतांच किंवा मन एकाग्र होतांच अल्फा मावळते. केंब्रिजच्या एड्रिअन व मॅथ्यूज यांनीं इ. स. १९३४ मध्यें याचा पडताळा घेतल्यावरच जगानें बर्गर यांवर विश्वास ठेविला.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, इ. स. १९३५ मध्यें, अमेरिकेंत हार्वर्ड येथें गिब्स, डेव्हिस व लेनॉक्स यांनीं मुलांच्या लहान झटक्यांत सेकंदास तीन वेळां येणारी टोंक-आणि-लाट अशी जोडाकृति दाखविली. इ. स. १९३६ मध्यें त्याहून मोठी गोष्ट उघड झाली. झटका नसतांना, रोगी स्वस्थ पडला असतांहि, त्याच्या लेखांत मधूनच तीक्ष्ण टोंकें उमटतात. सुश्रुतानें ज्यास शरदाची वाट पाहणारें बीज म्हटलें, तें कागदावर उतरलें तें असें. सुश्रुतास विद्युत्‌लहरी ठाऊक होत्या, असें आम्ही म्हणत नाहीं, व तसें म्हणणाऱ्यांच्या पंगतींत बसण्याची आमची इच्छा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रोग मध्यंतरींहि असतो हा पक्ष त्यानें युक्तीनें मांडला होता, आणि अस्सल कागदानें निकाल त्याच्या बाजूनें दिला.

६

येथें एका अप्रिय प्रकरणाचा उल्लेख टाळतां येत नाहीं. कारण इतिहासाचें कर्तव्य व्यक्तिपूजेहून मोठें आहे. बर्गर यांनीं १ जून १९४१ रोजीं आत्महत्या केली. नाझी राजवटीनें छळून त्यांस पदावरून दूर केलें व त्या दुःखानें त्यांनीं जीव दिला, अशी कथा अनेक दशकें वैद्यकीय ग्रंथांतून चालली. ही कथा म्हणजे बखर होय. दप्तरें उघडल्यावर निराळाच प्रकार दिसला. बर्गर इ. स. १९३८ मध्यें वयोमानाप्रमाणें निवृत्त झाले होते. त्याआधीं ते येना येथील वरिष्ठ आनुवंशिक-स्वास्थ्य न्यायालयाचे सभासद होते; आणि इ. स. १९४१ मध्येंहि, मरणाच्या थोडेच आधीं, तें काम पुनः करण्यास त्यांनीं लेखी तयारी दर्शविली होती. हा पुरावा एकत्र करून त्याची विस्तृत चर्चा इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली.

तें न्यायालय कशाचें होतें? १४ जुलै १९३३ रोजीं जर्मनींत झालेल्या कायद्यान्वयें कांहीं रोग्यांची सक्तीनें संततिक्षमता नष्ट करण्यांत येई. कायद्यांत नऊ सदरें होतीं. त्यांत आनुवंशिक अपस्मार हें एक होतें. या कायद्याखालीं सुमारें ४,००,००० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, व त्यांविरुद्धचीं अपिलें या वरिष्ठ न्यायालयांपुढें चालत. म्हणजे ज्या हातानें अपस्माराचा अस्सल कागद जगास मिळवून दिला, तोच हात अपस्मारी माणसांच्या निवाड्यांवर सही करणाऱ्यांत होता. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत. लेखाचें मोल त्यानें कमी होत नाहीं. परंतु लेख वाचतां येणें आणि माणूस ओळखतां येणें या भिन्न विद्या आहेत, एवढें त्यावरून दिसतें.

७

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मेंदूच्या लेखांत भय दिसतें काय?

डोक्याच्या कातडीवरून घेतलेल्या साध्या लेखापुरतें उत्तर, स्पष्टपणें दिसत नाहीं, असें आहे. उद्विग्न माणसाच्या लेखांत अल्फा कमी व बीटा अधिक आढळते. परंतु एवढ्यावरून कोणाचें निदान होत नाहीं, कारण जागें व सावध असणाऱ्या कोणाच्याहि लेखांत तसेंच होतें. भयाचें ठाणें खोल असल्यामुळें तेथील गडबड वरपर्यंत पोहोंचत नाहीं. यामुळें आजहि असें घडतें कीं, केवळ भयाच्या रूपानें येणारा अपस्माराचा झटका साधी घाबरगुंडी म्हणून सोडला जातो. आणि उलटपक्षीं, मनाच्या ताणामुळें येणारे झटके, ज्यांच्या लेखांत विद्युत्‌स्फोटाचा मागमूस नसतो, ते अपस्मार समजून वर्षानुवर्षें औषधें दिलीं जातात. दुसऱ्या घोटाळ्यांत लेख निर्णायक ठरतो. पहिल्यांत पुष्कळदां तो मुका राहतो.

त्या मुक्या जागीं जबानीच उपयोगीं पडली. इ. स. १९५६ मध्यें लंडनचे डेनिस विल्यम्स यांनीं, ज्यांच्या झटक्याचेंच अंग म्हणून एखादी भावना येते अशा १०० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ६१ जणांस येणारी भावना भयाची होती. आनंद किंवा विषाद यांचें प्रमाण तिच्या मानानें पुष्कळ कमी. माँट्रियल येथें पेनफील्ड यांनीं जाग्या रोग्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करितांना कानशिलाजवळच्या खंडास सूक्ष्म विद्युत्‌स्पर्श केला असतां कांहीं रोग्यांस अकारण भय वाटलें. समोर भिण्यासारखें कांहीं नसतां भय उपजतें, व मग मन त्यास रूप देतें. कोणास मागें कोणी उभें आहे असें वाटतें, कोणास कोणी धांवून येतें असें वाटतें. सुश्रुताच्या रोग्याची जबानी येणेंप्रमाणें अक्षरशः शाबीत झाली. काळें सत्त्व बाहेर नव्हतें. परंतु रोगी खोटेंहि बोलत नव्हता.

पुढें मेंदूच्या आंत तारा ठेवून कित्येक दिवस लेख घेण्याची रीत आली. औषधास न जुमानणाऱ्या अपस्मारांत झटक्याचें उगमस्थान शोधण्यासाठीं ती योजितात. इ. स. २०१८ मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनीं अशा २१ रोग्यांचे लेख, त्यांनीं वेळोवेळीं नोंदविलेल्या मनःस्थितीशीं ताडून पाहिले. १३ जणांत असें आढळलें कीं, अमिग्डाला आणि स्मृतीचें ठाणें जें हिप्पोकॅम्पस, या दोहोंमधील बीटा लहरींचा मेळ वाढला म्हणजे मन खालावतें. हा मेळ ज्यांच्यांत सांपडला, त्यांचा स्वभावच अधिक चिंताशील असल्याचें आधींच्या चाचणींत दिसून आलें होतें. उरलेल्या ८ जणांत तो सांपडला नाहीं. म्हणजे झटका नसतांना वाहणारी चिंता हीदेखील कागदावर उमटते. मात्र तो कागद कातडीखालीं खोल, आणि भयाचें व स्मृतीचें अशा दोन ठाण्यांमधील पत्रव्यवहाराच्या रूपांत असतो.

राहिला चरकाच्या यादींतील प्रश्न : भय व चिंता हीं कारणें आहेत काय? अलीकडील लोकसंख्येवरील अभ्यासांत असें दिसून आलें आहे कीं, अपस्मारी माणसांत चिंताविकार इतरांहून अधिक आढळतात, आणि कित्येकांत तो विकार पहिल्या झटक्याच्याहि आधींपासून असतो. यावरून चिंतेनें अपस्मार होतो, असा सरळ निष्कर्ष निघत नाहीं. एकाच मेंदूच्या एकाच जाळ्यांत दोहोंचीं मुळें असावीं, हा अर्थ अधिक सयुक्तिक आहे. चरकानें दोन गोष्टी एकामागून एक येतात हें पाहिलें व पहिलीस कारण म्हटलें. निरीक्षण खरें, संबंधाचें नांव मात्र बदलावें लागतें.

८

येथवर आलेल्या पुराव्यावरून आमचा निर्णय असा. अपस्मारांतील भय एक नसून तीन आहेत. झटक्याच्या पोटांतलें भय हें रोगाचें अंग होय. त्याचा साक्षी सुश्रुताचा रोगी. झटक्याविषयींचें भय व लज्जा हा रोगाचा व समाजाचा परिणाम होय. त्याचा साक्षी ग्रीक ग्रंथांतील मुलगा. आणि झटक्यापूर्वींची दीर्घ चिंता ही रोगाची सहोदर होय. तिचा साक्षी चरक. या तिहींपैकीं दुसरें भय कमी करणें मनुष्यांच्या हातीं आहे, आणि तें त्यांनीं फार उशिरां मनावर घेतलें. हम्मुराबीचें कलम आम्हीं आठवणींत ठेवावयास सांगितलें होतें, तें यासाठीं. आपल्या हिंदु विवाहाच्या इ. स. १९५५ च्या कायद्यांत, इ. स. १९७६ च्या दुरुस्तीनंतर, वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येणारा मनुष्य विवाहास अपात्र, असे शब्द होते. त्यांतील अपस्मार हा शब्द इ. स. १९९९ च्या दुरुस्तीनें वगळण्यांत आला. बाबिलोनच्या बाजारांतील तें कलम आपल्या विवाहमंडपांतून निघण्यास सदतीस शतकांहून अधिक काळ लागला.

चरकसंहितेच्या अपस्मारचिकित्सेच्या अखेरीस एक साधी सूचना आहे : अशा रोग्यास पाणी, अग्नि, झाड, डोंगर व विषम जागा यांपासून सदैव जपावें. आजचा वैद्यहि रोग्यास विहिरीवर, चुलीपाशीं व उंच जागीं एकटें जाऊं नको म्हणूनच सांगतो. कांदा किंवा जोडा हुंगविण्याचा जो प्रघात आपल्या गांवोगांवीं पडला, त्यानें झटका थांबत नाहीं. झटका आपल्या वेळेनें थांबतो व श्रेय जोड्यास मिळतें. रोग्यास कुशीवर निजवून डोक्याखालीं मऊ वस्त्र ठेवणें व त्याच्या तोंडांत कांहींहि न घालणें, एवढेंच करावयाचें असतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. माधवनिदानाच्या पोथ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत म्हणून त्या उपेक्षिल्या जातात. त्यांचा मूळ पाठ छापला गेला आहे हें खरें. परंतु समासांत वैद्यांनीं आपल्या हातानें केलेल्या नोंदी छापल्या गेलेल्या नाहींत. अमक्यास अमावास्येस आंकडी आली, त्यानें असें असें सांगितलें, अशी एखादी ओळ जर कोठें अपस्मारनिदानाच्या पानावर असेल, तर ती त्या पोथीच्या मूळ पाठाहून मोलाची समजावी. माधवानें गाळलेली जबानी कोणा अज्ञात वैद्यानें कदाचित् समासांत पुनः लिहून ठेविली असेल. ज्यांच्या संग्रहांत अशा पोथ्या आहेत, त्यांनीं तेवढें एक पान उलगडून पाहावें, आणि समासांत कांहीं आढळल्यास त्याची हुबेहूब नक्कल, पोथीच्या लेखनकालासह, प्रसिद्ध करावी.